मार्गदर्शक पुस्तक हाताशी धरून पाश्चात्त्य अभिजात संगीताचा संग्रह कसा उभारावा

बीथोव्हनची पाचवी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) ऐकायची असं ठरवून शोध घेतला, तर एकाच रचनेची शंभराहून जास्त ध्वनिमुद्रणं समोर येतात. सगळ्यांमध्ये सूर तेच, पानं तीच. तरीही एक ऐकताना अंगावर काटा येतो आणि दुसरं अर्ध्यात बंद करावंसं वाटतं. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचना कागदावर लिहिलेली असते आणि प्रत्येक पिढी ती आपल्या परीने पुन्हा वाजवते. म्हणून संग्रह करणाऱ्यापुढे कायम दोन प्रश्न असतात: कोणती रचना घ्यावी, आणि कोणाची घ्यावी.

ध्वनिमुद्रणांचं मार्गदर्शक पुस्तक या दोन्ही प्रश्नांत हात धरतं. मात्र बहुतेक लोक ते खरेदीच्या यादीसारखं वापरतात. पान उघडायचं, सगळ्यात जास्त तारे कुठे आहेत ते बघायचं, तेवढं मिळवायचं आणि पुढच्या पानावर जायचं. असा संग्रह लवकर उभा राहतो, पण तो समीक्षकाचा असतो, तुमचा नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की वाक्यं आधी वाचा, तारे शेवटी बघा. पुढची सगळी पद्धत त्याच क्रमाने मांडली आहे.

पुस्तक निवडताना

अशी पुस्तकं साधारण दोन जातींची असतात. पहिल्या जातीत संगीतकारांची अकारविल्हे मांडणी असते. प्रत्येक रचनेखाली उपलब्ध ध्वनिमुद्रणांची जंत्री आणि त्यांची तुलना येते. पानं हजारावर, अक्षर बारीक. पेंग्विन प्रकाशनाचं मार्गदर्शक याचा सर्वांत परिचित नमुना. दुसऱ्या जातीत शंभर, पाचशे किंवा हजार निवडक ध्वनिमुद्रणांवर स्वतंत्र टिपणं असतात. ती वाचायला सुंदर असतात, पण त्यांत तुलना नसते. ‘हे उत्तम आहे’ एवढं कळतं, ‘कशापेक्षा’ ते कळत नाही.

संग्रहासाठी पहिल्या जातीचंच पुस्तक घ्या. दुसऱ्या जातीचं पुस्तक रात्री झोपण्यापूर्वी चाळायला ठेवा, त्यातून नव्या रचनांची ओळख होते.

पुस्तक जुनं असलं तर बिघडत नाही. छापील मार्गदर्शकांचा बहर ओसरून बरीच वर्षं झाली, त्यामुळे हाती येणारी प्रत जुनीच असण्याची शक्यता जास्त. संचालक कार्लोस क्लायबरने 1974 साली व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेली पाचवी सिंफनी तेव्हा जशी होती तशीच आज आहे. जुन्या पुस्तकातली किंमत, क्रमांक आणि ‘सध्या उपलब्ध नाही’ हा शेरा मात्र विसरून जा. नंतर आलेल्या वादकांची माहितीही त्यात नसणार, ती दुसरीकडून मिळवावी लागेल.

आधी रचना नेमकी ओळखा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण इथे घाई केली की चुकीची तबकडी घरी येते. ‘मोझार्टचा पियानो कॉन्चेर्टो’ (कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) एवढ्यावर भागत नाही, तसे दोन डझनांहून जास्त आहेत. त्यासाठी सूचीक्रमांक असतात. मोझार्टच्या रचनांची सूची क्योखेलने 1862 साली काढली, म्हणून त्यापुढे ‘के.’ हे अक्षर येतं. डी मायनर या स्वरश्रेणीतला विसावा पियानो कॉन्चेर्टो म्हणजे के. 466. बाखसाठी बीडब्ल्यूव्ही, शूबर्टसाठी डॉइचच्या सूचीतला ‘डी.’, व्हिवाल्डीसाठी आरव्ही. स्कार्लात्तीच्या 555 सोनाटांपुढेही (या एकट्या कळवाद्यासाठीच्या रचना) ‘के.’ लागतो, पण तो कर्कपॅट्रिकचा. जुन्या तबकड्यांवर याच सोनाटा लाँगोच्या ‘एल.’ क्रमांकाने दिसतात.

सिंफन्यांच्या क्रमांकांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ आज नववी म्हणतात, पण जुन्या तबकड्यांवर ती पाचवी म्हणून छापलेली आहे. शूबर्टची सी मेजरमधली मोठी सिंफनी कुठे सातवी, कुठे आठवी, कुठे नववी. डी. 944 हा क्रमांक सगळीकडे एकच. शॉपँचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो आधी लिहिला गेला, पहिला नंतर. प्रसिद्ध उलट क्रमाने झाले, इतकंच.

काही रचनांना आवृत्त्याही असतात. मुसॉर्गस्कीने ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ 1874 साली पियानोसाठी लिहिलं आणि राव्हेलने 1922 साली त्याचं वाद्यवृंदासाठी रूपांतर केलं. दोन्ही उत्तम, पण अनुभव पूर्ण वेगळा. ब्रुकनरच्या सिंफन्यांमध्ये ‘हास’ आणि ‘नोवाक’ ही नावं दिसतील, ती संपादकांची. आठव्या सिंफनीत या दोन संपादनांतला फरक ऐकू येण्याइतका आहे. पुस्तकातल्या नोंदीत असा उल्लेख आला की त्याखाली रेघ मारून ठेवा.

नोंद वाचण्याची रीत

आता मुख्य काम. एका रचनेखालची संपूर्ण नोंद सलग वाचा, फक्त पहिलं नाव वाचून थांबू नका. नोंदीत साधारण इतक्या गोष्टी असतात: वादक, वाद्यवृंद, संचालक, कंपनी, क्रमांक, सोबत असलेल्या इतर रचना, ध्वनिमुद्रणाचा प्रकार, तारे, आणि मग समीक्षकाचा परिच्छेद.

परिच्छेदात विशेषणं आणि वर्णनं असतात, ती वेगळी करायला शिका. ‘भव्य’, ‘तेजस्वी’, ‘हृदयस्पर्शी’ ही विशेषणं तुम्हाला काहीच सांगत नाहीत. ‘दुसरी मूव्हमेंट (रचनेचा भाग) नेहमीपेक्षा संथ आहे’, ‘पुनरावृत्ती घेतलेल्या नाहीत’, ‘पियानो वाद्यवृंदाच्या फार पुढे ऐकू येतो’, ‘प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित, मधूनमधून खोकल्याचे आवाज’ ही वर्णनं. ती कानाने पडताळता येतात. पेन्सिलने फक्त वर्णनांखाली रेघा मारल्या, तर लांबलचक नोंदीतून कामाची चारपाच वाक्यं उरतात. निवड त्यांच्यावरूनच करायची.

ताऱ्यांचंही एक व्याकरण असतं. पेंग्विनच्या मार्गदर्शकात, निदान जुन्या आवृत्त्यांत, जास्तीत जास्त तीन तारे मिळतात, आणि तीन ताऱ्यांची ध्वनिमुद्रणं ढिगाने आहेत. त्यापलीकडे एक छोटं फूल असतं. एखाद्या समीक्षकाला ते ध्वनिमुद्रण मनापासून भावलं की तो हे फूल देतो. तारे म्हणजे सर्वसाधारण गुणवत्ता, फूल म्हणजे एका माणसाचं प्रेम. मला फुलांची यादी ताऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटते, कारण प्रेम करणाऱ्या माणसाची आवड ओळखता येते. तारा कंसात असला तर अट आहे असं समजा. बहुधा वादन चांगलं आणि आवाज जुनाट, किंवा याच्या उलट.

सोबतच्या रचनांकडे लक्ष द्या. एका सीडीवर साधारण 74 ते 80 मिनिटं मावतात, त्यामुळे एका कॉन्चेर्टोसोबत दुसरा येतोच. तुमच्याकडे असलेला कॉन्चेर्टो पुन्हा पुन्हा घरी येऊ लागला की जागाही जाते आणि पैसाही. पण ही जोडी कधीकधी बोनसही ठरते. जॅकलिन दु प्रेने 1965 साली बार्बिरोलींच्या संचालनाखाली वाजवलेला एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो घ्यायला जावं, तर सोबत जॅनेट बेकरने गायलेली ‘सी पिक्चर्स’ ही एल्गारचीच गीतं मिळतात, आणि मग त्यांच्यासाठीही ती तबकडी पुन्हा लावली जाते.

तारखांत एक गफलत नेहमी होते. वेष्टनावर वर्तुळातल्या ‘पी’ पुढे छापलेलं वर्ष हे प्रसिद्धीचं असतं, मुद्रणाचं नव्हे. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखचं ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ 1955च्या जूनमध्ये वाजवलं आणि तबकडी 1956च्या जानेवारीत आली. मुद्रणाची तारीख बहुधा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

आवाजाचा अंदाज वर्षावरून बांधता येतो. 1925पूर्वीची मुद्रणं भोंग्यातून झालेली असल्याने वाद्यवृंदासाठी ती अभ्यासकांपुरतीच. 1925नंतर मायक्रोफोन आला. 1948 साली एल.पी., म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली. स्टिरिओ एल.पी. 1958 साली बाजारात आल्या, पण काही कंपन्या 1954पासूनच स्टिरिओत मुद्रण करत होत्या. म्हणूनच संचालक रायनरने शिकागो सिंफनी या वाद्यवृंदासोबत 1955 साली केलेला बार्टोकचा ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ आजही खणखणीत वाजतो. 1980च्या आसपासची सुरुवातीची डिजिटल मुद्रणं काही वेळा व्हायोलिनांच्या बाबतीत कानाला टोचतात. पुस्तकात त्याबद्दल ‘कडक’ किंवा ‘चकचकीत’ असा शेरा असेल, तर तो गांभीर्याने घ्या. जुन्या सीडींवर ‘एएडी’, ‘एडीडी’, ‘डीडीडी’ अशी तीन अक्षरं असतात. पहिलं अक्षर मूळ मुद्रणाचं, दुसरं संपादनाचं, तिसरं अंतिम तबकडीचं. ‘ए’ म्हणजे अ‍ॅनालॉग, ‘डी’ म्हणजे डिजिटल. ‘डीडीडी’ म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही.

समीक्षकाला तुमच्या कानावर घासून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पुस्तकाला दोष देतात. समीक्षकाचं मत तुमच्या कामाचं आहे की नाही, हे कळण्यासाठी तुम्हाला आधीपासून पाठ असलेली एक रचना घ्या. तिची तीन वेगळ्या धाटणीची ध्वनिमुद्रणं मिळवा. इथे विकत घेण्याची गरज नाही, ग्रंथालय किंवा स्ट्रीमिंग पुरतं. आधी ऐका, टिपणं काढा, आणि मगच पुस्तकातली नोंद उघडा.

पाचवी सिंफनी यासाठी उत्तम. संचालक फुर्टवेंग्लरचं 1947 सालचं बर्लिनमधलं मैफलीतलं मुद्रण, क्लायबरचं 1974 सालचं, आणि जॉन एलियट गार्डिनरच्या 1994 साली आलेल्या संचातलं, जुन्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवलेलं. तिन्हींत चार ठिकाणं ऐका.

पहिलं ठिकाण अगदी सुरुवातीचं. तीन आखूड सूर आणि एक लांब. त्या लांब सुरावर बीथोव्हनने थांब्याची खूण केली आहे, पण किती थांबायचं ते लिहिलेलं नाही. फुर्टवेंग्लर तो सूर दीर्घ धरतो, त्या थांब्यात वजन आहे. क्लायबर तो सोडतो आणि लगेच झेपावतो. गार्डिनरकडे सगळंच चपळ आहे आणि तंतुवाद्यांचा आवाज कोरडा, कंपनाशिवाय.

दुसरं ठिकाण त्याच मूव्हमेंटच्या उत्तरार्धात. सगळा वाद्यवृंद अचानक थांबतो आणि एकटा ओबो (एक फुंकवाद्य) चार क्षण गातो. तो घाईत उरकला आहे की मोकळा सोडला आहे? माझ्या दृष्टीने संचालकाची परीक्षा इथे होते.

तिसरं ठिकाण तिसऱ्या मूव्हमेंटचा शेवट. तंतुवाद्यं एका लांब सुरावर स्थिरावतात, खाली टिंपनी (मोठे नगारे) दबक्या आवाजात ठोके देत राहतात, आणि मग न थांबता चौथी मूव्हमेंट उसळून येते. तिथेच ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही फुंकवाद्यं या सिंफनीत पहिल्यांदा वाजतात. दबकेपण किती खरं आहे आणि उसळी किती मोठी, हे ऐका.

चौथं ठिकाण म्हणजे शेवटच्या मूव्हमेंटमधली पुनरावृत्ती. काही जण ती घेतात, काही गाळतात, त्यामुळे एकूण वेळ मिनिटभराहून जास्त बदलतो. वेष्टनावरचे आकडे बघून ‘हा जलद, तो संथ’ असं ठरवणं इथे फसतं.

आता पुस्तक उघडा. समीक्षकाने ज्या मुद्रणाला ‘अतिशय उत्कट’ म्हटलं, ते तुम्हालाही तसंच वाटलं का? त्याने ‘घाईचं’ म्हटलेलं तुम्हाला ‘चैतन्याचं’ वाटलं का? मत जुळावं अशी अट नाही. समीक्षक नेहमी तुमच्या उलट बोलत असेल आणि ते सातत्याने होत असेल, तरीही तो उत्तम वाटाड्या आहे. त्याने ‘अति’ म्हटलं की ते तुमच्यासाठी, एवढं लक्षात ठेवलं की झालं. निरुपयोगी फक्त तो, ज्याच्या मताचा काही ठावच लागत नाही.

हीच कसोटी बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’वर करून बघा. गूल्डने ही रचना दोनदा स्टुडिओत मुद्रित केली, 1955 आणि 1981 साली. सुरुवातीची आरिया (मूळ चाल) पहिल्या मुद्रणात दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्यात तीन मिनिटांच्या पुढे जाते. एकच वादक, तीच रचना, आणि दोन वेगळी आयुष्यं. यांतलं कोणतं श्रेष्ठ, यावर समीक्षकांत एकमत नाही आणि कधी होणारही नाही. तुमचा समीक्षक कोणत्या बाजूला उभा आहे आणि का, हे वाचलं की त्याच्याबद्दल पुष्कळ कळतं.

समीक्षकही नावांनी प्रभावित होतात, हे लक्षात असू द्या. जॉइस हॅटो या इंग्लिश पियानोवादिकेच्या नावावर आलेल्या ध्वनिमुद्रणांची जाणकारांनी वाखाणणी केली होती. 2007 साली उघड झालं की ती इतर पियानोवादकांची मुद्रणं होती. ज्यांच्याकडे पूर्वी फारसं कोणी लक्ष दिलं नव्हतं, अशा वादकांचं तेच वादन नव्या नावाखाली गाजलं होतं. म्हणून पुस्तकात दोन ओळींत उरकलेल्या अनोळखी वादकाला एकदा तरी ऐका. इंग्लंडमध्ये लिहिलेल्या मार्गदर्शकांचा इंग्लिश वादकांकडे आणि कंपन्यांकडे ओढा दिसतो, तोही हिशेबात धरा.

पहिला आराखडा

आता यादी करायला हरकत नाही. यादी रचनांची करा, ध्वनिमुद्रणांची नंतर. सुरुवातीला सगळेच सिंफन्यांकडे धावतात, आणि कपाटात चार बीथोव्हन, पाच मालर जमतात, पण एकही क्वार्टेट (चार वाद्यांची रचना) नसतो. माझा आग्रह आहे की चेंबर संगीत पहिल्या दिवसापासून घ्या. चारपाच वाद्यांत प्रत्येकाचा आवाज सुटा ऐकू येतो, कान तिथेच तयार होतो, आणि साध्या यंत्रणेवरही हे संगीत नीट वाजतं. हायडनचे ओपस (प्रकाशनक्रमांक) 76 मधले सहा क्वार्टेट, मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट के. 581, आणि शूबर्टचं दोन चेलो असलेलं स्ट्रिंग क्विंटेट डी. 956. शूबर्टने हे मृत्यूच्या वर्षी, 1828 साली लिहिलं. त्याची संथ मूव्हमेंट ऐकल्यावर दुसरं काही लावायची इच्छा होत नाही.

बाकी आराखडा प्रत्येकाने आपल्या ओढीने भरावा. बाखचे ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो, मोझार्टचा एखादा पियानो कॉन्चेर्टो आणि एक संपूर्ण ऑपेरा, बीथोव्हनच्या 32 सोनाटांपैकी काही, शूमानची गीतं, ब्राम्सची एक सिंफनी, देब्युसीचं ‘ला मेर’, स्ट्राव्हिन्स्कीचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’. एवढ्यात दोन शतकं आणि बहुतेक सगळे प्रकार येतात. प्रत्येक रचनेसाठी पुस्तकातून एकच मुद्रण निवडा. ते पुरेसं ऐकून झाल्याशिवाय दुसरं घेऊ नका, आणि दुसरं घेताना मुद्दाम उलट धाटणीचं घ्या. पहिलं आधुनिक वाद्यांवरचं असेल तर दुसरं जुन्या वाद्यांवरचं, पहिलं स्टुडिओतलं असेल तर दुसरं मैफलीतलं. एकसारखी तीन मुद्रणं ठेवून काहीच नवीन कळत नाही.

संपूर्ण संचांचा मोह मोठा असतो. संचालक अंताल दोरातीने डेक्का कंपनीसाठी केलेला हायडनच्या 104 सिंफन्यांचा संच 33 सीडींचा आहे. तो एकदम घरी आणला तर पहिल्या तीन ऐकल्या जातात आणि बाकीच्यांवर धूळ बसते. आधी त्यातल्या दोनचार सिंफन्या सुट्या ऐका, पुस्तकात त्या संचाबद्दल प्रत्येक सिंफनीखाली काय म्हटलं आहे ते बघा, आणि कान तहानला की मगच संच घ्या. बीथोव्हनच्या नऊ सिंफन्यांचं वेगळं आहे. हा संच चटकन ऐकून होतो, आणि एकाच संचालकाची दृष्टी पहिलीपासून नववीपर्यंत कशी जाते ते त्यात कळतं. तरीही पाचवी एकाची आणि सहावी दुसऱ्याची असणं यात काही कमीपणा नाही.

ऑपेरासाठी एक पथ्य पाळा: शब्द हाताशी असल्याशिवाय ऐकायला बसू नका. जुन्या महागड्या संचांत शब्द आणि भाषांतराची पुस्तिका असायची. स्वस्त पुनर्मुद्रणांतून ती काढून टाकलेली असते. संचालक शोल्टीने 1958 ते 1965 या काळात डेक्कासाठी मुद्रित केलेल्या वाग्नरच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेत सुमारे साडेचौदा तासांचं संगीत आहे. एवढा वेळ अर्थ न कळता ऐकणं कोणालाही जमणार नाही. नोंदीत पुस्तिकेबद्दल शेरा असतो, तो बघा.

जुन्या, ऐतिहासिक मुद्रणांकडे दुसऱ्या टप्प्यात वळा. पाब्लो कासाल्सने 1936 ते 1939मध्ये मुद्रित केलेले बाखचे चेलो सुइट आणि पियानोवादक श्नाबेलने 1930च्या दशकात वाजवलेल्या बीथोव्हनच्या सर्व सोनाटा यांच्याशिवाय संग्रहाला पाया नाही, असं मला मनापासून वाटतं. पण ही मुद्रणं मुळात मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर, चारचार मिनिटांच्या तुकड्यांत झाली आहेत. त्यांची सीडी कोणी बनवली यावर सगळं अवलंबून असतं. एकाने खरखर काढताना चेलोचा गाभाही काढून टाकलेला असतो, दुसऱ्याने थोडी खरखर ठेवून सूर जिवंत राखलेला असतो. इथे पुस्तकातलं ‘ट्रान्स्फर’बद्दलचं, म्हणजे जुन्या तबकडीवरून नव्यावर उतरवण्याबद्दलचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मोनो (एकाच वाहिनीच्या) मुद्रणाला कृत्रिम स्टिरिओ केलेली तबकडी दिसली तर बाजूला ठेवा.

पुस्तकातलं ध्वनिमुद्रण प्रत्यक्षात शोधताना

जुन्या पुस्तकातला क्रमांक टाकून शोधलं तर बरेचदा काहीच सापडत नाही, आणि माणूस समजतो की मुद्रण नाहीसं झालं. प्रत्यक्षात ते वेगळ्या वेष्टनात, वेगळ्या क्रमांकाने आणि कित्येकदा वेगळ्या कंपनीच्या नावाने उपलब्ध असतं. ईएमआयचं अभिजात संगीत 2013 साली वॉर्नरकडे गेलं, त्यामुळे पुस्तकात ईएमआय असलेलं मुद्रण आज वॉर्नर क्लासिक्सच्या नावाने मिळतं. फिलिप्सची कित्येक मुद्रणं आता डेक्काच्या नावाखाली येतात.

म्हणून मुद्रणाची ओळख चार गोष्टींवरून ठेवा: मुख्य वादक किंवा संचालक, वाद्यवृंद, मुद्रणाचं वर्ष, आणि जमलं तर स्थळ. वर्ष नसेल तर फसगत होते. कारायानने बर्लिन फिलहार्मोनिकसोबत बीथोव्हनच्या नऊही सिंफन्या डॉइचे ग्रामोफोनसाठी तीन वेळा मुद्रित केल्या, 1960, 1970 आणि 1980च्या दशकांत. पुस्तकात पहिल्या संचाची स्तुती असते, आणि नाव बघून हातात तिसरा येतो. केम्फने बीथोव्हनच्या सोनाटा त्याच कंपनीसाठी एकदा मोनोत आणि एकदा स्टिरिओत वाजवल्या, तिथेही हाच गोंधळ. क्रमांक उपयोगी पडतात ते वापरलेल्या सीडी शोधताना. क्लायबरच्या पाचव्या आणि सातव्या सिंफनीची जोडी 447 400-2 या क्रमांकाने शोधली की नेमकी तीच तबकडी पुढे येते.

वापरलेली सीडी घेताना चकाकती बाजू तिरक्या उजेडात बघा. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा बहुधा चालतो, वर्तुळाकार ओरखडा त्रास देतो. मग तबकडी दिव्यासमोर धरा. बारीक छिद्रांतून उजेड आला तर आतला धातूचा थर खराब होतो आहे. मधल्या भोकाभोवती तडे नाहीत ना, संचातल्या सगळ्या तबकड्या आहेत ना, हेही बघून घ्या. 1980च्या दशकातल्या जाड संचांत तबकड्यांवर स्पंजचा तुकडा ठेवलेला असायचा. वर्षांनी तो विरघळून तबकडीला चिकटतो. असा संच घरी आला की पहिलं काम म्हणजे तो स्पंज काढून टाकणं.

स्ट्रीमिंगवर शोधताना रचनेचं नाव नको, वादकाचं आडनाव आणि सूचीक्रमांक टाका. ‘ब्रेंडेल के. 466’ असा शोध ‘मोझार्ट पियानो कॉन्चेर्टो’पेक्षा कितीतरी पटींनी नेमका ठरतो. आणि आपलं यंत्र दोन ट्रॅकच्या मधे शांतता घालतं का, ते एकदा तपासा. पाचव्या सिंफनीची तिसरी मूव्हमेंट चौथीत उसळायच्या क्षणी अर्ध्या सेकंदाची पोकळी आली, तर बीथोव्हनने बांधलेलं सगळं तिथेच कोसळतं. बहुतेक ठिकाणी ‘गॅपलेस’ नावाची सोय असते, ती चालू करा.

नोंदी आणि मांडणी

पुस्तकातच लिहा. ज्या नोंदीतलं मुद्रण तुमच्याकडे आलं, तिच्या समासात पेन्सिलने खूण करा. ऐकल्यावर समीक्षकाशी पटलं नाही तर नेमकं कुठे पटलं नाही, ते दोन शब्दांत टिपा: ‘ओबो घाईत’, ‘संथ मूव्हमेंट सुंदर’, ‘पियानो फार पुढे’. शक्यतो मूव्हमेंट आणि मिनिटही लिहा, म्हणजे पुढे दुसरं मुद्रण आलं की तेच ठिकाण पुन्हा लावून तुलना करता येते. काही महिन्यांतच समास मजकुराइतकाच वाचनीय होतो.

कपाटात मांडणी संगीतकारानुसार करा. त्याच्या आत आधी वाद्यवृंद, मग कॉन्चेर्टो, चेंबर, एकल वाद्य, शेवटी गायन. पुस्तकांतही साधारण हाच क्रम असतो, त्यामुळे पान आणि फळी यांचा मेळ बसतो. एका तबकडीवर दोन संगीतकार असतील तर ज्याच्यासाठी घेतली त्याच्याकडे ठेवा आणि दुसऱ्याच्या जागेची नोंद सूचीत करा. सीडी उभ्या, उन्हापासून दूर. पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे.

संगणकावर उतरवायच्या असतील तर फ्लॅकसारख्या, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात उतरवा आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. माहिती भरताना मात्र आपोआप आलेली नावं तशीच ठेवू नका. ‘कलाकार’ या रकान्यात कधी बीथोव्हन येतो, कधी क्लायबर, कधी व्हिएन्ना फिलहार्मोनिक. संगीतकार, रचना सूचीक्रमांकासह, वादक आणि मुद्रणाचं वर्ष असे चार रकाने पहिल्याच तबकडीपासून एकाच पद्धतीने भरा. पाचशे तबकड्या झाल्यावर हे दुरुस्त करायला बसणं फार जड जातं.

वर्षाकाठी एकदा फळी रिकामी करून बघा. ज्या रचनेची तीन मुद्रणं आहेत, ती तिन्ही एका आठवड्यात ऐका आणि समासातली टिपणं शेजारी ठेवा. एखादं मुद्रण पुस्तकात फूल मिळवलेलं असूनही तुम्ही ते वर्षभरात एकदाही स्वतःहून लावलं नसेल, तर ते दुसऱ्या कोणा ऐकणाऱ्याला देऊन टाका. समासातलं टिपण पुसू नका. आणखी काही वर्षांनी कान बदलला आणि ते मुद्रण पुन्हा मागावंसं वाटलं, तर कोणत्या मूव्हमेंटपासून ऐकायला सुरुवात करायची ते तिथे लिहिलेलं असेल.